डोहाळजेवणाचे खेळ आणि मुलाची राखण

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या मुलुखांत डोहाळजेवण हा हिरव्या लुगड्याचा आणि पक्वान्नांचा समारंभ म्हणून ओळखला जातो. सातव्या महिन्यांत गर्भवतीला झोंपाळ्यावर किंवा चौरंगावर बसवावें, फुलांची वाडी भरावी, ओटींत पांच फळें घालावीं, सुवासिनींनीं गाणीं म्हणावीं, आणि शेवटीं झांकलेल्या दोन वाट्यांपैकीं एक तिच्याकडून उघडून घ्यावी. एवढें झालें कीं कार्य आटोपलें असें पाहणाऱ्यास वाटतें. परंतु या हंसण्याखिदळण्याच्या आड आणखी एक काम चालत असे. जी मुलगी आजवर स्वतःच कोणाची तरी लेक म्हणून वावरली, तिच्या हातीं दोन-तीन महिन्यांनीं एक कोंवळा जीव यावयाचा असे. चूल, आड, विळी आणि विंचू यांनीं भरलेल्या घरांत तो जीव वांचवावयाचा कसा, हें तिला डोहाळजेवणापासून बारशापर्यंतच्या काळांत शिकविलें जाई. त्यासाठीं शाळा नव्हती, पुस्तक नव्हतें. होते ते खेळ, गाणीं आणि वडीलधाऱ्या बायकांचा शब्द.

हा शब्द किती जुना आहे पाहा. सुश्रुतसंहितेंत असें सांगितलें आहे कीं, चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें. तेव्हां ती स्त्री दोन हृदयांची झाली असें समजावें आणि तिची इच्छा अव्हेरूं नये. या दोन हृदयांवरूनच दौहृद, दोहद आणि आपला डोहाळा अशी परंपरा लावतात. कालिदासानें रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लावले आहेत आणि चौदाव्या सर्गांत सीतेला गंगाकांठच्या आश्रमांचे. गृह्यसूत्रांतील सीमंतोन्नयन हा संस्कार याच घराण्यांतला. आश्वलायनाच्या विधींत साळूच्या कांट्यानें भांग पाडावयाचा, वीणा वाजविणाऱ्यांनीं गावयाचें, आणि ज्या नदीच्या कांठीं वस्ती असेल त्या नदीचें नांव त्या गाण्यांत घ्यावयाचें असें आहे. म्हणजे नांदेडकरांनीं गोदावरीचें नांव घ्यावें. पण त्या विधीचा खरा गाभा त्यानंतर येतो. ज्यांचे पति आणि मुलें हयात आहेत अशा वृद्ध स्त्रिया जें जें सांगतील तें तें करावें, असें सूत्रकार म्हणतो आणि थांबतो. एवढ्या काटेकोर ग्रंथकारानें येथें आपली लेखणी खालीं ठेवावी आणि अधिकार आजीबाईंच्या हवालीं करावा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जिचीं मुलें जगलीं तिला मुलें जगविण्याची कांहीं युक्ति ठाऊक असली पाहिजे, हा त्यामागचा व्यवहार.

गोभिलाच्या सूत्रांत तर चक्क एक लहानसा खेळच आहे. वर तूप घातलेला शिजवलेला भात गर्भवतीपुढें धरावयाचा, तिला काय दिसतें असें विचारावयाचें, आणि तिनें संतति दिसते असें उत्तर द्यावयाचें. झांकलेल्या वाट्यांच्या आजच्या खेळाची ही पणजी शोभेल. फरक इतकाच कीं, त्या उत्तरांत मुलगा कीं मुलगी हा प्रश्न नाहीं.

मुलाच्या राखणीचा विचार वैद्यकग्रंथांत याहून स्पष्ट आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत आठव्या अध्यायांत मुलाच्या खेळण्यांविषयीं जें लिहिलें आहे, तें आजच्या कोणत्याही कारखानदारानें भिंतीवर लावून ठेवावें. खेळणें रंगीबेरंगी, आवाज करणारें आणि मनोहर असावें. पण जड नसावें, त्याला तीक्ष्ण टोंक नसावें, तें तोंडांत शिरण्याजोगें नसावें, जिवावर बेतणारें नसावें आणि भय उत्पन्न करणारें नसावें. त्याच ठिकाणीं पुढें, मूल रडलें किंवा जेवेनासें झालें म्हणून त्याला राक्षसपिशाच्चांचीं नांवें घेऊन भेडसावूं नये, असेंही बजावलें आहे. सुश्रुत सांगतो कीं, मुलाला एकाएकीं झोंपेंतून उठवूं नये, झटक्यानें उचलूं नये, वेळेपूर्वीं बसवूं नये; वारा, ऊन, वीज, ओसाड घर आणि खोलगट जागा यांपासून त्याला जपावें. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांनीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतली, तेव्हां आपल्या प्रबंधासाठीं त्यांनीं प्राचीन हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. परदेशांत बसून आपल्या आजीच्या विद्येचा हिशेब मांडणारी ती पहिली मराठी डॉक्टरीण.

मराठवाड्यांत मात्र हे ग्रंथ बायकांपर्यंत पोंचण्याचा मार्ग नव्हता. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सरकारदरबारची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. पुण्यांत १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदन निघालें आणि तेथें परिचारिका व सुइणी तयार होऊं लागल्या. नांदेड-लातूरकडे तसें वारें फार उशिरां आलें. त्यामुळें येथील बाईची सारी विद्या मुखोद्गत राहिली. दुसरी गोष्ट अशी कीं हा सरहद्दीचा मुलूख. नांदेडच्या पलीकडे तेलुगु बोलणारे श्रीमंतम् करतात, लातूर-उदगीरच्या पलीकडे कानडी घरांत सीमंत होतें, आणि दक्खनच्या मुसलमान घरांत सातव्या महिन्याचा सतवांसा. जाफर शरीफ यांच्या ज्या ग्रंथाचें हर्क्लॉट्स यांनीं १८३२ सालीं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, त्यांत या सतवांशाचें वर्णन आहे. भाषा तीन, धर्म दोन, पण हिरव्या बांगड्या, फळें आणि म्हाताऱ्या बायकांचा गराडा सर्वत्र तोच.

आतां ज्या घरासाठीं ही शिकवण होती तें घर कसें होतें? दगडमातीच्या जाड भिंती, वर लांकडी तुळयांवर मातीचा थर दिलेलें माळवद, आणि उजेडासाठीं व धूर जाण्यासाठीं त्या माळवदाला ठेवलेलें साणें. चौकांत आड, आडाला बहुधा कठडा नाहीं. स्वयंपाकघरांत जमिनीसरशी चूल, शेजारीं उभ्या पात्याची विळी, कोपऱ्यांत उखळ. भिंतीच्या सांदींत विंचू. संध्याकाळीं राकेलची चिमणी, आणि तें राकेल एखाद्या बाटलींत, पाण्याच्या बाटलीसारखेंच दिसणारें. अंगणांत किंवा वस्तीजवळ धान्याचें पेव. तें बरेच दिवसांनीं उघडलें असतां आंत कोंडलेल्या हवेनें धडधाकट गडी दगावतो, मग वांकून पाहणाऱ्या पोराची कथा काय! माळवदावर वाळवण घालावयास आई चढली कीं मूल तिच्या मागें चढणार, आणि साण्यावरचें झांकण सरकलेलें असलें तर थेट खालच्या खोलींत पडणार. रांगतें मूल आणि असें घर यांची गांठ घालून देणें हें मोठें साहस होतें, आणि तें प्रत्येक पिढीनें केलें.

डोहाळ्याच्या गाण्यांचा आणि पाळण्यांचा सांचा या दृष्टीनें पाहावा. डोहाळे महिन्यांवर चालतात, पहिला, दुसरा, तिसरा असे. पाळणा दिवसांवर चालतो. निरक्षर स्त्रीला क्रम लक्षांत ठेवावयाचा तर याहून सोपी सोय नाहीं. कोणत्या महिन्यांत काय खावें, काय उचलूं नये, कोठें जाऊं नये, हें त्या क्रमाच्या खुंट्यांवर टांगलेलें असे. त्यांत ग्रहणांत भाजी चिरूं नये यासारखे निव्वळ भ्रमही टांगलेले असत, आणि ते अजून पुरते खालीं उतरलेले नाहींत. गाण्यांनंतर हुमाणीं घालीत. उखाणा या शब्दाचा जुना अर्थ कोडें असाच आहे; नवऱ्याचें नांव घेण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. हीं कोडीं जातें, चूल, दिवा, विळी, सुई अशा घरांतल्याच वस्तूंचीं. दांत आहेत पण खात नाहीं, तोंड आहे पण बोलत नाहीं, अशा धर्तीनें वस्तूच्या अंगावरचा धारेचा, आगीचा किंवा टोंकाचा भाग आधीं सांगावयाचा आणि नांव मागून ओळखावयाचें. घरांतील रोजच्या वस्तूंकडे पुन्हां एकदां, आणि तेंही त्यांच्या बोंचणाऱ्या बाजूनें, पाहावयास लावणारा हा खेळ फुगडी-झिम्म्यापेक्षां अधिक मोलाचा होता. आज तोच सर्वांत आधीं मागें पडला आहे.

वाट्यांच्या खेळाविषयीं मात्र फार चांगलें बोलतां येत नाहीं. एका वाटींत पेढा, दुसरींत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. एके काळीं तो निरुपद्रवी होता असें म्हणतात. पण गर्भाचें लिंग यंत्रानें कळूं लागल्यापासून त्या हंसण्यांत विष मिसळलें. महाराष्ट्रानें १९८८ सालीं, देशांत सर्वांआधीं, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. १९९४ सालीं केंद्राचा कायदा आला. तरी शेजारच्या बीड जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतींत सहा वर्षांखालील हजार मुलांमागें मुली निघाल्या अवघ्या ८०७. ज्या समारंभाचा हेतु मूल राखण्याचा, त्याच्या शेवटीं हा प्रश्न विचारणें शोभत नाहीं. ज्या घरांनीं दोन्ही वाट्यांत पेढाच ठेवावयास सुरुवात केली आहे, त्यांनीं खेळ मोडला खरा, पण रीत सुधारली.

या सर्व खेळांचा मुकुटमणि डोहाळजेवणांत नाहीं, बारशांत आहे. मूल पाळण्यांत घालण्यापूर्वीं अनेक घरांत वरवंट्याला कुंची घालतात, काजळ-कुंकू लावतात, आणि आधीं त्याला पाळण्यांत घालतात. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात. गोविंद-गोपाळ अशीं नांवें घेत एकीनें पाळण्यावरून द्यावयाचें आणि दुसरीनें खालून घ्यावयाचें. ही देवघेव आधीं वरवंट्याची होते, मग मुलाची. पाट्याचा वरवंटा म्हणजे बाळाचा थोरला दगडी भाऊ. तो वज्रासारखा, तसेंच बाळ टणक व्हावें, असा अर्थ सांगतात. अर्थ सुंदर आहे. पण त्यामागें आणखी एक शहाणपण दडलें आहे असें मानण्यास हरकत नाहीं. चांगला वरवंटा वजनाला नवजात मुलाएवढा, म्हणजे सुमारें तीन किलो भरतो. पाळण्याची दोरी, आढ्याची कडी, खालची गांठ यांची परीक्षा आधीं दगडावर होते. घेणाऱ्या बाईचा हात ढिला असेल तर तो दगडालाच कळतो. नवी आई आणि तिच्या तरुण नणंदा-भावजया हंसत हंसत तीन किलोंचें ओझें हातांतून हातांत कसें द्यावें, एकीनें घट्ट धरल्याशिवाय दुसरीनें कसें सोडूं नये, हें त्या चार मिनिटांत शिकतात. हा रंगीत तालमीचा विचार ज्या कोणा बाईला प्रथम सुचला तिचें नांव कोणत्याही ग्रंथांत नाहीं.

माहूरगडावर, याच नांदेड जिल्ह्यांत, रेणुकेच्या आणि दत्ताच्या शिखरांबरोबर अनसूयेचें शिखर आहे. परीक्षा पाहावयास आलेल्या तिघां देवांना तिनें बाळें करून टाकलें, अशी कथा. देवही एकदां बाळ झाले कीं त्यांना कोणी तरी सांभाळावें लागतें, हें मराठवाड्यांतल्या बाईला त्या डोंगराकडे पाहून वेगळें सांगावें लागत नसे.

पांचवी आणि सटवीच्या पूजेंतील जागरणाचेंही असेंच आहे. त्या रात्रीं सटवाई मुलाच्या कपाळीं लेख लिहिते म्हणून दिवा विझूं द्यावयाचा नाहीं आणि बायकांनीं जागावयाचें. जन्मानंतरचा पहिला आठवडा हाच नवजात मुलाच्या धनुर्वाताचा काळ. नाळ विळ्यानें किंवा कांबटीनें कापली जाई, शेणामातीचा संपर्क होई, आणि चौथ्या-पांचव्या दिवसानंतर मूल अंगावर घेईनासें होऊन ताठत असे. त्या रात्रीं डोळ्यांत तेल घालून बसण्याचा अनुभव खरा होता. कारण मात्र चुकीचें शोधलें गेलें, आणि ज्या विळ्यानें घात केला तोच कांहीं घरांत पूजेंत मांडला गेला. गर्भिणीला धनुर्वाताची लस आणि नाळ कापावयास निर्जंतुक पातें, एवढ्या दोन साध्या गोष्टींनीं जें साधलें तें शेंकडों वर्षांच्या जागरणांनीं साधलें नव्हतें. माता व नवजात बालकें यांचा धनुर्वात भारतांतून हटला, हें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं मान्य केलें.

आडाच्या बाबतींत जुनी शिकवण भयाची होती. पाण्यांत साती आसरा असतात, कांठावर जाणाऱ्या मुलाला त्या ओढून नेतात, असें सांगत. सव्वा महिन्यानें बाळंतीण आडाची पूजा करी तीही त्यांची मर्जी राखण्यासाठीं. मूल दूर राहत असे हें खरें. परंतु भ्यालेलें मूल एक दिवस धीट होतें, आणि नेमकें त्याच दिवशीं आडांत काय आहे हें पाहावयास जातें. चरकानें भेडसावण्याची मनाई केली ती केवळ दयेनें नव्हे. आसरांपेक्षां तीन फुटांचा कठडा अधिक जागरूक असतो, आणि त्याला नैवेद्य लागत नाहीं. विंचवाचीही गोष्ट तीच. उताऱ्याचे मंत्र गांवोगांव होते, मुलें मात्र मरत. जालना जिल्ह्यांतल्या देहेड गांवीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोंकणांत महाडकडे सरकारी दवाखान्यांत होते. विंचूदंशानें हृदयावर होणारा परिणाम त्यांनीं रात्र रात्र रोग्याजवळ बसून टिपला आणि १९८० नंतरच्या दशकांत प्राझोसिन नांवाचें स्वस्त औषध वापरून मृत्यूंचें प्रमाण फार खालीं आणलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

कांहीं खेळ तर स्वतःच घातक आहेत, हें सांगितलेंच पाहिजे. संक्रांतीच्या बोरन्हाणांत लहानग्याला हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरें, चुरमुरे, उंसाचे करवे, हलवा आणि भुईमुगाच्या शेंगा ओततात. भोंवतालच्या मोठ्या मुलांना ती लूट गोड वाटते. मधोमध बसलेलें दहा महिन्यांचें मूल मात्र हातीं येईल तें तोंडांत घालतें. श्वासनलिकेंत अडकून मुलें गुदमरतात त्या वस्तूंत आपल्या देशांत शेंगदाणा अग्रभागीं आहे. हरभरा, बोराची बी, चिंचोका त्याच्या मागोमाग. हा प्रदेश तर हरभऱ्याचा आणि तुरीचा. चरकानें तोंडांत शिरणारें खेळणें नको म्हटलें. अमेरिकेंत १९८० पासून तेंच तत्त्व नळकांडीनें मोजतात. सुमारें ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळकांडींत जी वस्तु किंवा तिचा सुटा भाग पूर्ण मावतो, तें तीन वर्षांखालील मुलाचें खेळणें म्हणून विकतां येत नाहीं. भारतांत खेळण्यांवर आय्.एस्.आय्. चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचें झालें. बोराला असें कोणतेंही चिन्ह लागत नाहीं. तेव्हां बोरन्हाणाच्या ताटांतून शेंगा आणि बोरें काढून हलके चुरमुरे व फुलांच्या पाकळ्या ठेवाव्या, आणि मुलाला मांडीवर घेऊन त्याचे दोन्ही हात आईनें धरावे, एवढा बदल आजीबाईंनींच सुचविण्यासारखा आहे.

एका धोक्याविषयीं मात्र कोणतेंच गाणें, कोणतेंच हुमाण, कोणताच खेळ बोलत नव्हता, आणि तो म्हणजे खुद्द घर. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे चार वाजावयास चार मिनिटें असतां लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूरच्या परिसरांत जमीन हादरली. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. भूकंप मध्यम प्रतीचा होता. मारलें तें भिंतींनीं आणि माळवदानें. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, पण दोन्ही बाजूंच्या दगडांना एकत्र बांधणारा आडवा दगड नाहीं, सांध्यांत चुना नाहीं, नुसती माती. वर मातीचा भला मोठा थर. उन्हाळ्यांत गारवा देणारें, चोराला दाद न देणारें, म्हणून ज्या घराचा अभिमान होता, तेंच झोंपलेल्या लेंकरांवर बसलें. या प्रदेशांत भूकंप होत नाहीं, हा जाणत्यांचाही समज होता. मग आजीबाईंच्या शिकवणींत त्याचा उल्लेख कोठून यावा? पुढें पन्नासांवर गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. तेथें पाळणा टांगावयाचा तो आतां सिमेंटच्या छताच्या कडीला.

अलीकडे या समारंभाला सरकारी घरही मिळालें आहे. २००२ नंतर औरंगाबाद विभागांत, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराकडे, कुपोषणाविरुद्ध जो प्रयत्न झाला, त्यांतून २००५ सालीं राजमाता जिजाऊ यांच्या नांवाचें माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभें राहिलें. मार्च २०१८ मध्यें देशभर पोषण अभियान सुरू झालें आणि अंगणवाड्यांत ओटीभरणाचे कार्यक्रम होऊं लागले. सेविका ओटी भरते, तींत नारळाबरोबर पालेभाजी, कडधान्य आणि लोहाच्या गोळ्या असतात; वजन घेतलें जातें, लसीची तारीख सांगितली जाते. विधवा आणि परजातीची स्त्री या ओटीला हात लावूं शकते, ही गोष्ट जुन्या डोहाळजेवणांत घडत नव्हती. आश्वलायनानें ज्यांच्यावर भार टाकला त्या वृद्ध स्त्रियांच्या जागीं आतां गांवची अंगणवाडीताई बसली आहे, आणि ती अधिक योग्य आहे.

शहरांतील सुशिक्षित घरांत खेळ निराळे झाले. डोळे बांधून बाहुलीला लंगोट नेसविणें, नवऱ्यानें बाहुलीला भरविणें, मुलाच्या नांवाचीं कोडीं, असे प्रकार रंगतात. त्यांत नवऱ्याला खेळांत ओढलें हें चांगलें झालें. बाहुलीला उचलतांना मानेखालीं हात घालावयास त्याला तेथें कोणी तरी टोंकतें. पण लातूर-नांदेडच्या सदनिकांत विळी आणि आड नसले, तरी बादलीभर पाणी आहे, आणि रांगतें मूल वीतभर पाण्यांत बुडतें. पाणी तापविण्याची विजेची कांडी आहे, डांसांचें औषध आहे, खालीं उतरलेल्या तारा आहेत, गच्चीच्या कठड्याला टेंकलेली खुर्ची आहे. आणि खेळण्यांतून व रिमोटांतून निघणारी ती चपटी, रुपेरी, बटणाएवढी बॅटरी आहे. ती मुलाच्या अन्ननलिकेंत अडकली तर दोन तासांत तेथें भाजल्यासारखी जखम करूं लागते. हुमाणें पुन्हां घालावयाचीं झालीं तर त्यांना विषय कमी नाहींत. मिक्सर आल्यापासून पाटा-वरवंटा मात्र पुष्कळ घरांतून नाहींसा झाला. बारशाच्या दिवशीं कुंची कोणाला घालावी हा प्रश्न पडतो, आणि मग देव्हाऱ्यापुढचा नारळ किंवा दुकानांतली बाहुली पुढें केली जाते. नारळ वजनानें वरवंट्याहून फार हलका, आणि बाहुलीला तर वजनच नाहीं.